दूध आमचे, संस्था त्यांची!

गावात दूध संस्था निघाली की गरिबाचे घर सावरते, असे गेली पन्नास वर्षे सांगितले जात आहे. ते खोटे नाही. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला. पुढे डॉ. कुरियन यांनी तो आणंदचा नमुना देशभर नेला आणि १९७० ते १९९६ या काळात दूध महापूर योजना राबवली गेली. आपल्याकडे १९६३ पासून कोल्हापूरच्या गोकुळने दोन म्हशींवर घर चालते हे दाखवून दिले. उसाचे बिल कारखानदाराच्या मर्जीने येते, मजुरी काम असेल तेव्हाच मिळते. दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी हातात पडते. सावकाराच्या दारात जाणारी बाई थांबते ती या दहा दिवसांच्या बिलामुळे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे बिल गावोगावच्या बौद्धवस्तीत किती घरांत येते?

जनावराशी आपले नाते काय होते हे नव्या पिढीला सांगावे लागेल. जिवंत जनावर पाटलाच्या गोठ्यात आणि मेलेले आमच्या अंगणात, अशी या धर्मव्यवस्थेने वाटणी करून ठेवली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे बजावले आणि समाजाने ते मानले. ढोरे ओढणे सुटले. पण मेलेले जनावर सुटले म्हणून जिवंत जनावर आपोआप दारात आले नाही. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवाड्याची घटना नोंदवली आहे. अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले एवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले आणि अन्न मातीत मिळवले. त्यांच्या लेखी तूप म्हणजे प्रतिष्ठा होती, आणि ती अस्पृश्याच्या ताटात दिसता कामा नये!

हे १९३६ चे झाले, आता कुठे असे राहिले आहे, असे म्हणणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी घनश्याम शाह, सुखदेव थोरात, हर्ष मंदर प्रभृतींचा ग्रामीण अस्पृश्यतेवरील २००६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ उघडून पाहावा. ११ राज्यांतील ५६५ गावांची ती पाहणी आहे. दूध संस्थेला किंवा खासगी गिऱ्हाइकाला दूध विकण्यास दलितांना मज्जाव असल्याचे निम्म्याच्या आसपास गावांत तिथे आढळले.

महाराष्ट्रात आज उघड मज्जाव क्वचितच होतो. टँकरला फॅट लागते, जात लागत नाही. म्हणून दूध घेतात, एकाच कॅनमध्ये ओततात. पण सभासदांच्या रजिस्टरात नाव घालायची वेळ आली की चेअरमन आणि सचिवांना नियम आठवू लागतात.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एक विधवा भगिनी, भूमिहीन. एक म्हैस स्वतःची आणि एक निम्म्या वाट्याने सांभाळलेली. सात वर्षे ती दोन्ही वेळचे दूध संस्थेत घालत होती, पण ज्या शेतकऱ्याकडे मजुरीला जायची त्याच्या खात्यावर. बिल त्याच्या हातात पडे, उचल कापून उरलेले तो हिला देई. दिवाळीचा दूध फरकही त्यालाच. संस्थेच्या लेखी ही बाई दूध उत्पादक नव्हतीच. तिने सभासदत्वाचा अर्ज दिला तर सचिव म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू बाई." अशा मीटिंगा दोन वर्षे झाल्या.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. संस्था अर्जच घेत नसेल तर तो शेअरच्या रकमेसह निबंधकाकडे देता येतो. आणि कलम २२ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. "पुढच्या मीटिंगला बघू" याचे औषध कायद्यातच आहे. फक्त अर्जाची पोच हातात हवी. आणखी एक सापळा आहे. पुष्कळ ठिकाणी गरिबांना कलम २४ खाली 'नाममात्र सभासद' करून गप्प बसवतात. नाममात्र सभासदाला मत नाही, नफ्यात वाटा नाही. त्या कागदावर अंगठा उठवण्याआधी कोणाला तरी वाचून दाखवावे.

कलम ७३-ब ने व्यवस्थापक समितीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखून ठेवली आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनेही तशी तरतूद केली होती. तो भाग राज्यांतील संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरवला, पण राज्याचा कायदा उभा आहे. मग अडचण कुठे? ज्या संस्थेत त्या वर्गाचे सभासद आहेत त्याच संस्थेत ही जागा निघते. म्हणजे आम्हाला रजिस्टरात येऊ दिले नाही की राखीव जागेचा प्रश्नच मिटला! सभासदत्व नाकारण्यामागे दुधाचा हिशेब कमी आणि हा हिशेब जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाते दुसऱ्याच्या नावावर असण्याचा तोटा २०२४ मध्ये पुन्हा दिसला. त्या वर्षीच्या सुरुवातीला शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले. अट अशी की जनावराच्या कानात बिल्ला हवा आणि बँक खाते आधारशी जोडलेले हवे. शेण काढणारीला काय मिळाले?

त्या भगिनीचा अर्ज आम्ही रजिस्टर टपालाने पाठवला, तीन महिने मोजले आणि निबंधकाकडे गेलो. सभासदत्व मिळाले. पण त्याच आठवड्यात तिला बांधावरचे गवत कापायची बंदी झाली. एका शेतकऱ्याने हटकले, मग दुसऱ्याने, मग साऱ्या शिवाराने. वाट्याची म्हैस मालकाने परत नेली. म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते, शिवाय कडबा आणि पेंड. विकतच्या वैरणीवर एक म्हैस पोसून हाती काय उरते ते गोठा सांभाळणाऱ्याला विचारावे. शेवटी तिने स्वतःची म्हैसही विकली.

म्हणून आम्ही म्हणतो, भूमिहीनाच्या दुधाचा प्रश्न हा मुळात जमिनीचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला तो उगाच नव्हे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायची होती. किती तरी कुटुंबांच्या हाती आजही सातबारा नाही, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयात विषय निघताच नोटिसा निघाल्या. जगपालसिंग प्रकरणातील २०११ च्या ज्या निकालाचा आधार सांगितला जातो, त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. तो परिच्छेद तहसीलदाराला दाखवावा लागतो, स्वतःहून तो वाचत नाही. दादासाहेबांच्याच नावाच्या २००४ च्या सबळीकरण योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, २०१८ पासून संपूर्ण अनुदानावर. परंतु सरकारी भावाने जमीन विकायला तयार असणारा शेतकरी सापडणे कठीण.

वैरण बंद करणे, दूध न घेणे, ही नुसती गावकी नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा केला आहे आणि सामाईक साधनांचा वापर अडवणे हाही. खासगी बांधावरचे गवत मागायचा हक्क नाही हे खरे. पण सारे शिवार एका घराविरुद्ध एका आठवड्यात बंद होते तेव्हा तो बहिष्कार असतो. साक्षीदार मिळत नाहीत ही अडचण आम्ही रोज पाहतो, तरी तक्रार लेखी हवीच.

जनावर घेताना गाय की म्हैस, हेही आता विचार करूनच ठरवावे. अनुसूचित जातींना दोन दुधाळ जनावरांच्या गटासाठी ७५ टक्के अनुदान मिळते; उरलेल्या २५ टक्क्यांसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात ते वेगळेच. पण मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली. गाय भाकड झाली, खोंड झाला, तर त्याचे काय करायचे? बागायतदार पोसेल, भूमिहीन कुठून पोसणार? गोमातेचे पुढारी वैरण घेऊन येत नाहीत. म्हैस या बंदीबाहेर आहे, तेव्हा आमचा कल म्हशीकडे.

आता थोडे आपल्याच माणसांविषयी. गाव म्हणजे अज्ञानाचे डबके असे बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत सांगितले, म्हणून शहरात स्थिरावलेले आमचे नोकरदार बांधव शेणामुताच्या धंद्याला नाक मुरडतात. बाबासाहेबांचे निदान शंभर टक्के खरे आहे. पण ज्यांना गाव सोडता आले नाही त्यांनी काय करायचे? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्याच बाबासाहेबांनी शेती सरकारी मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी आणि जमीन देताना जात पाहू नये, अशी मांडणी केली. तेव्हा खेड्यातल्या कष्टकऱ्याचा विचार त्यांनी कुठे सोडला होता?

काही मित्र म्हणतात, त्यांची संस्था नको, आपली वेगळी काढू. वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जण असले तर नोंदणीचा प्रस्ताव देता येतो. मात्र दूध पुरेसे नसेल तर अशी संस्था वर्षभरात बंद पडते आणि हसे होते. जिथे वस्ती मोठी आहे आणि बायका पुढे आहेत तिथे जरूर करावे. बाकी ठिकाणी आहे त्या संस्थेत हक्काने शिरावे.

प्रत्येक संस्थेला ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. तीन महिन्यांची मुदत धरली तर अर्ज मे महिन्यातच गेला पाहिजे, म्हणजे जयंतीचा हिशेब मिटला की लगेच. वर्गणीची वही लिहिणारा पोरगा दहा अर्जही लिहू शकतो. अर्जाचा नमुना मागेल त्याला आम्ही देऊ, फी घेणार नाही.