विखुरलेले बीज

स्तनातील कर्करोग यकृतात जाऊन बसला तरी तो यकृताचा कर्करोग होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी आपले माहेर सांगतात. त्यांनी कोठे रुजावे हाही निव्वळ योगायोग नव्हे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात रोग पोहोचला होता. प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. वास्तविक प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते. तेव्हा बीजाबरोबर भूमीचाही विचार केला पाहिजे, असे त्याने प्रतिपादन केले.

विरळ प्रकारांची तऱ्हा आणखी निराळी. फायलोडीस नावाची गाठ स्तनातील आधार देणाऱ्या ऊतींतून वाढते. ती घातक असेल तर काखेतील रसग्रंथी बहुधा वगळून रक्तावाटे फुप्फुसात जाते. काखेत काही लागत नाही, एवढ्यावरून निर्धास्त होणे येथे धोक्याचे असते.

अशा रुग्णांवर उपचार कोणते करावेत? नेहमीच्या स्तनकर्करोगाबाबतही हे ठरविणे सोपे नव्हते. रोग दूर पसरल्यावरही मूळ गाठ काढल्यास आयुष्य वाढेल, हा तर्क कोणासही पटण्याजोगा होता. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कसोटीस लावला. ३५० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : गाठ काढलेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.२ महिने, न काढलेल्यांचे २०.५. तर्क टिकला नाही. पुष्कळ स्त्रियांची निष्फळ शस्त्रक्रिया टळण्याचा मार्ग मात्र मोकळा झाला.

पण एवढ्या स्त्रिया या चाचणीत येण्यास २००५ ते २०१३ अशी आठ वर्षे लागली, आणि तीही अशा प्रचंड रुग्णालयात. मग विरळ गाठीची काय कथा! बंगळूरच्या मारतहळ्ळीतील एखाद्या डॉक्टरापुढे उभ्या आयुष्यात तशी एखादीच स्त्री यावयाची. एखादी नागपुरात, एखादी कोल्हापुरात. प्रत्येक ठिकाणी नेहमीच्या रोगाचे उपचार उसने घेऊन काम भागविले जाते आणि त्यातून काय निष्पन्न झाले, ते त्या एका फायलीतच राहते. २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले व देशातील अनेक रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली. विरळ गाठीची प्रत्येक काचपट्टी आणि उपचारांची हकीकत नाव वगळून अशा एका सामाईक नोंदवहीत जाणे बंधनकारक असावे. रुग्ण गावी परतली की सध्या पुष्कळदा नोंद तेथेच थांबते. फुप्फुसातील गाठ मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनीही दिसू शकते.