कैद्याने कमावलेले दिवस

गेल्या आठवड्यात नागपुरात सदरमध्ये एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय तुरुंगांचा होता आणि वक्ते गावात वजन असलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गुन्हेगार आत जातो, दोन पुस्तकं चाळतो, परीक्षेला बसतो, 90 दिवसांची सूट पदरात पाडून घेतो आणि बाहेर येऊन मिशीला पीळ देतो. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा तुरुंगातला कारकून कापतो. ज्याचं माणूस गेलं त्याला कुणी विचारत नाही. आणि हे सगळं ढोंग आहे, कारण सुटीची आशा नसती तर यांच्यातल्या एकानेही पुस्तकाला हात लावला नसता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आधी किरकोळ आक्षेप निकालात काढतो.

शिक्षा कारकून कापतो, हे साफ खोटं. 1894 च्या तुरुंग कायद्यानेच सूट पद्धतीची व्याख्या केली: कैद्याला गुण द्यायचे आणि त्यानुसार शिक्षेचे दिवस कमी करायचे. इंग्रज सरकार कैद्यांचे लाड करण्यासाठी प्रसिद्ध नव्हतं. महाराष्ट्राचे सूट नियम 1962 चे आहेत. शिक्षा कमी करण्याचा सरकारचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 432 मध्ये होता, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 473 मध्ये आहे. शिक्षा सुनावताना न्यायाधीशाला हे नियम ठाऊक असतात. त्याचा निकाल अबाधित राहतो, दोषही कायम राहतो. कमी होतात ते आत काढायचे दिवस.

खुनी चार वर्षांत सुटतात, असंही ऐकवलं गेलं; ते त्याहून खोटं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला सूट कितीही साठली तरी 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढावीच लागतात. 1978 पासून कायदा हेच सांगतो. राज्याच्या 15 मार्च 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर गुन्ह्याच्या प्रकारानुसार त्याहून कितीतरी जास्त वर्षं ठरवून दिली आहेत. आणि जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सूट हा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगून ठेवलंय.

तुरुंगाचं वसतिगृह झालं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात नागपूरच्या बराकीत एक दुपार काढून दाखवावी.

गांधीविचार परीक्षेवर वक्त्यांनी भरपूर हशा मिळवला. अरुण गवळी नागपूर कारागृहात या परीक्षेत पहिला आला, 80 पैकी 74 गुण, ही 2018 मधली बातमी. पण तो बाहेर आला 2025 च्या सप्टेंबरमध्ये, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर. न्यायालयाने पाहिलं ते त्याचं वय आणि आत गेलेली सतरा वर्षं. मुदतपूर्व सुटकेसाठी त्याने जी न्यायालयीन लढाई केली, तीही 2006 च्या शासननिर्णयातल्या वयाच्या आणि अशक्तपणाच्या मुद्द्यावर. त्या 74 गुणांचा या सगळ्याशी काय संबंध? पदवी म्हणजे फाटकाची किल्ली असं समजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. 30 जुलै 2015 रोजी याच कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली. आत असताना त्याने इग्नूच्या पदव्या घेतल्या होत्या. त्या पदव्यांनी काही फरक पडला नाही, आणि पडायला हवा होता असं माझंही म्हणणं नाही.

आता मुख्य आरोप: ढोंग. सुटीसाठी शिकतात, मनापासून शिकत नाहीत.

मी विचारतो, मनापासून कोण शिकतं? नागपुरातल्या अभ्यासिका रात्री बारापर्यंत भरलेल्या असतात. ती मुलं ज्ञानाच्या तहानेने बसलेली नसतात, त्यांना तलाठी व्हायचं असतं, फौजदार व्हायचं असतं. त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही. उलट आई-बाप नवस बोलतात. बी.एड. पगारवाढीसाठी करतात, संगणकाचं प्रमाणपत्र बढतीसाठी घेतात. सगळ्या जगाने फायद्यासाठी शिकावं आणि फक्त कैद्याने निरपेक्ष वृत्तीने, हा कुठला न्याय? संतांना जे साधलं ते आपण चोरांकडून मागतोय!

आणि फायदा तरी केवढा, तो हिशोब करू. पदवी पुरी करणाऱ्या शिक्षाबंद्याला महाराष्ट्रात 90 दिवसांची विशेष सूट मिळते. बी.ए. म्हणजे तीन वर्षं, म्हणजे 1095 दिवस. एका दिवसाच्या सुटीसाठी बारा दिवसांहून जास्त अभ्यास. तो अभ्यास कसा होतो, हेही पाहावं. दिवसभर कारखान्यात काम. दिवेलागणीच्या आत बराकीला कुलूप. मग एका ओळीत अंथरलेल्या पट्ट्या, मध्ये टीव्ही, शेजारी खोकणारा म्हातारा, पलीकडे वकिलाच्या फीवरून चाललेलं भांडण. दिवा रात्रभर जळतो, झोपायलाही आणि वाचायलाही तोच. टेबल नाही, गुडघ्यावर वही. पुस्तकं उशिरा येतात, स्वाध्यायाची तारीख टळून जाते. परीक्षेच्या तोंडावर बदली झाली की केंद्र बदलतं. हे तीन वर्षं निभवायचं! ज्याला ढोंगच करायचं आहे त्याला याहून सोपे शंभर मार्ग तुरुंगात सापडतात.

समजा, सुरुवात ढोंगानेच झाली. माणूस तीन वर्षं रोज ठरलेल्या वेळी वही उघडतो, शिवीला उत्तर देत नाही, कारण भांडण झालं तर सूट जाईल. तीन वर्षांनी या ढोंगाचं काय होतं? त्याची सवय होते. आपल्यातले कितीजण मारामारी करत नाहीत ते थोर तत्त्वामुळे? नोकरी जाईल, नाव जाईल, म्हणूनच करत नाहीत. बाहेरच्यांना जो धाक सरळ ठेवतो तोच आतल्याला दिला तर ते लांगूलचालन कसं होतं?

या मंडळींशी हे भांडण नवं नाही. काही वर्षांपूर्वी हेच लोक संचित रजेविरुद्ध बोलत होते. रजेवर सोडलेला कैदी परत येतच नाही, असं म्हणत होते. पळालेल्या एकाचं नाव पेपरात छापून येतं. ठरल्या दिवशी फाटकावर येऊन उभ्या राहणाऱ्यांची बातमी होत नाही. तेव्हाही हे सांगितलं होतं. तेव्हाही टाळ्या त्यांनाच मिळाल्या. त्याआधी खुल्या कारागृहांवर रोष होता. गंमत अशी की 1939 साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, कुंपणाशिवाय कैद्यांची वसाहत उभी राहिली, तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा 1957 मध्ये निघाला आणि याच पिढीने तो डोळे पुसत पाहिला. पडद्यावरचा कैदी सुधारला की यांचा गळा दाटतो. आपल्या शेजारी मोर्शीच्या खुल्या कारागृहात माणसं शेतात राबतात, त्यांच्यासाठी मात्र शब्द नाही.

पीडितांचा मुद्दा तेवढा खरा आहे आणि तो मी डावलणार नाही. बिल्किस बानो प्रकरणातल्या 11 जणांना 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडलं तेव्हा अनेकांचं रक्त उसळलं, माझंही. पण 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण ज्या सरकारने सूट दिली त्याला तो अधिकारच नव्हता; तो महाराष्ट्राचा होता. मनमानी सूट घातक असते, हा त्याचा धडा. मनमानीवर उपाय म्हणजे काटेकोर नियम. सूटच नको, हा उपाय नव्हे.

आता माझी बाजू. ती साधी आहे. मरेपर्यंत आत राहणारे थोडे सोडले तर बहुतेक शिक्षाबंदी कधी ना कधी बाहेर येणारच आहेत, आपल्याच वस्तीत राहायला. सात वर्षं भिंतीकडे बघून आलेला माणूस बरा की हातात कसब घेऊन आलेला? अमेरिकेत रँड संस्थेने 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. तुरुंगात शिकलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी दिसली. मुळात सुधारू पाहणारेच शिकतात, असं कुणी म्हणेल. मग जे कुंपणावर आहेत त्यांना ओढायला सूटच लागते. ब्राझीलमध्ये पुस्तक वाचून त्यावर लिहिलं की चार दिवस सूट मिळते, वर्षाला जास्तीत जास्त बारा पुस्तकं. अमेरिकेच्या 2018 च्या कायद्यात तीस दिवसांच्या सुधारणा कार्यक्रमाला दहा दिवस आहेत. जग यावर विचार करतंय, आपण टाळ्या वाजवतोय.

मला हवं ते एवढंच. सूट फक्त पदवीला नको; सुतारकाम, विणकाम, शिवणकाम नीट शिकणाऱ्याला आणि व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करणाऱ्यालाही हवी, कारण बराकीतल्या अनेकांना सहीपलीकडे लिहिता येत नाही. कमावलेल्या दिवसांचा हिशोब दर महिन्याला कैद्याला लेखी मिळावा. पीडित कुटुंबाला सुटकेची तारीख आधी कळवावी. आणि 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन आहेत. त्यांनी कच्च्या कैदेत केलेला अभ्यास पुढे शिक्षा लागल्यावर मोजला जावा, आज तो वाया जातो.

वक्त्यांना यातलं काही अमान्य असेल तर त्यांनी पुढच्या व्याख्यानात सुटून येणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते सांगावं. नुसतं कोंडून ठेवा म्हणणं हे धोरण नाही. सरकारने त्यांच्या टाळ्यांकडे पाहून आहे ती सूट काढून घेतली, तर त्याची किंमत या शहराला मोजावी लागेल.