स्वस्त घराची भिंत कोणाच्या हिशोबाने?

परवडणाऱ्या घरांची योजना जाहीर झाली की चर्चा किमतीची होते, अनुदानाची होते, लॉटरीची होते. भिंत कोणत्या विटेची असणार, हे कोणी विचारत नाही. तो निर्णय कंत्राटदार घेतो आणि त्या घरात राहणार असतो दुसराच कोणी.

२०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फूट. एवढ्या जागेत पाच-सहा माणसे राहतात. कुठे बाई विड्या वळते, कुठे शिलाई मशीन चालते. कपाटाला जागा नसते, म्हणून अर्धा संसार भिंतीवर टांगलेला असतो. अशा घरात भिंत ओल धरते का, खिळा धरते का, मे महिन्यात रात्रभर तापलेली राहते का, हे प्रश्न चैनीचे नाहीत.

बाजारात मुख्यतः तीन पर्याय आहेत. मातीची भाजलेली वीट ओळखीची आहे आणि कोणताही गवंडी ती लावतो. पण भट्टीच्या कडेच्या विटा कच्च्या राहतात आणि स्वस्त कामात त्याच आधी येतात. राखेची वीट आकाराने नेटकी असते. औष्णिक वीज केंद्रांची राख वापरली जावी आणि शेतातली वरची माती वाचावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचनाही काढली. कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे या परिसरात ही राख जवळच मिळते. मात्र सिमेंटची काटकसर केली आणि विटेवर पुरेसे पाणी मारले नाही, तर तिचे कोपरे बोटाने कुस्करतात. तिसरा पर्याय एएसी ब्लॉकचा. त्याचे वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश असल्याने उंच इमारतीत लोखंड वाचते. पण तो पाणी शोषतो आणि त्यात साधा खिळा नीट टिकत नाही. सगळे भिंतीवरच टांगणाऱ्या घराला हे आधी सांगायला हवे.

तेव्हा अमुकच वीट चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही. माझे मत असे की दोन-तीन मजली वसाहतीत, राख जवळ मिळत असेल तर तपासलेली राखेची वीट आणि बाहेरची भिंत नऊ इंची असावी. खरी काटकसर तर जाडीतच लपवली जाते. साडेचार इंची बाहेरची भिंत बांधली की विटा वाचतात, शिवाय विकायला चटईक्षेत्र वाढते. ऊन आणि पाऊस मात्र राहणाऱ्याच्या वाट्याला येतात. पैसे वाचवायचेच असतील तर लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रूढ केलेली पद्धत आहे. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची. भिंत नऊ इंचीच राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत कमी येते. गवंड्यांना ती शिकवावी लागेल, एवढेच.

मातीच्या विटेचा आणखी एक हिशोब आहे. पावसाळा सरला की ठाणे-रायगडातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. नवरा-बायको दोघे राबतात, मजुरी हजार विटांमागे ठरते आणि मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, उचलीचा फास मात्र सुटलेला नाही. एका गरिबाचे घर दुसऱ्या गरिबाच्या कर्जावर स्वस्त होत असेल, तर ती स्वस्ताई आपण मान्य करायची का? भट्टीवर मजुरीची नोंद आहे का, ही अट सरकारी निविदेत सहज घालता येईल.

आपल्या वस्त्यांना हा विषय अधिक लागू आहे. नाव ऐकून तीन ठिकाणी ज्याला घर नाकारले जाते, तो चौथ्या ठिकाणी विटेबद्दल विचारत नाही. किल्ली मिळाली यातच तो धन्यता मानतो. मुंब्रा, भिवंडी, मालेगावातल्या बांधकामांना ही अगतिकता चांगली ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याने नव्हे, लाभार्थ्यांनी मिळून विचारायला हवा.

त्याला इंजिनिअरची पदवी लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. कंबरेच्या उंचीवरून टाकलेली वीट फुटू नये. भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. भंगारवाल्याच्या काट्यावरही हे तपासता येते.

मागणी साधी आहे. विटेचा प्रकार आणि भिंतीची जाडी करारात लिहा, आणि प्लास्टर चढण्याआधी लाभार्थ्यांना भिंत दाखवा. टाइल्सचा रंग निवडायला बोलावता, मग विटेच्या वेळी का नाही?