कुत्र्यांच्या नावानं बेस कॅम्प

गेल्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला. तो एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालाय, आपल्या रत्नागिरीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी. फूल ना फुलाची पाकळी द्या, खाली क्यूआर कोड. फोटो बर्फाचा. कुत्र्याचा एकही नाही.

मी पैसे पाठवले नाहीत आणि घरात कंजूष ठरलो. खरं तर मी एवढंच विचारलं होतं, की विमानाचं तिकीट, परमिट, गाईड हे सगळं याच पैशांतून का? "थोडं जाईल ना रे," तो म्हणाला.

हे काही त्याच्या डोक्यातून आलेलं नाही. परदेशात अशा ट्रेकची रुळलेली पद्धत आहे. ठरावीक किमान रक्कम जमवायची, त्यातून बऱ्याचदा तुमच्या सहलीचा खर्च वजा होतो आणि उरलेले पैसे संस्थेला जातात. म्हणजे आत्याबाई कुत्र्यासाठी पाचशे रुपये देते आणि त्यातले काही लुक्लाच्या विमानात बसतात. तिला हे कुणी सांगितलेलं नसतं. मला राग आहे तो या न सांगण्याचा.

शिवाय वर सामान कोण नेतं? हमाल, याक, खेचरं. 2022 च्या केदारनाथ यात्रेत ओझ्यानं खेचरं मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. प्राण्यांसाठी चालायचं आणि बॅग प्राण्याच्या पाठीवर टाकायची, हे कसं जमतं बुवा?

साहसच हवं असेल तर खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड, महिपतगड आहेत. एसटीनं जा, पाणी स्वतः वाहा. सुमारगडाची वाट भल्याभल्यांना घाम फोडते.

आणि पायपीट प्राण्यांच्या खरोखर उपयोगी पडावी असं वाटत असेल, तर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटजवळ वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये तिथे समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरली तर कुत्री-कोल्ही. आज कासवमित्र थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे किनारा पालथा घालतो. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखी खूण दिसली की घरटं शोधतो. पिंगपाँगच्या चेंडूएवढी शंभरेक अंडी हळूच काढतो आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतो. पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने. रोज तीच चाल, तीच वाळू. याचा रील कुणी करत नाही. 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवणाखाण्याचे पैसे त्याच घरांत पडतात. घरटं जपण्यात गावाचा फायदा आहे, म्हणून घरटं जपलं जातं.

मान्य, कुणी कष्ट उपसले की लोकांचा हात खिशात जातो. नुसतं "नसबंदीसाठी पैसे द्या" म्हटलं तर कोण देतं? मग चाला की. फक्त स्वतःचा खर्च स्वतः करा, आणि किती जमले, किती कुठे गेले, कुठल्या डॉक्टरची पावती, हे त्याच ग्रुपवर टाका जिथे क्यूआर टाकला होता.

एक अडचण प्राणिप्रेमी मंडळी फारशी बोलत नाहीत. किनाऱ्यावर अंडी उकरणारा एक शत्रू म्हणजे गावातलं तेच भटकं कुत्रं. पोस्टरवर दोघांना शेजारी बसवता येतं, वाळूत नाही. किनाऱ्यालगतच्या गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झाली, गावातला कचरा झाकला गेला, तर कुत्र्याचंही भलं आणि अंड्यांचंही. हे काम कंटाळवाणं आहे, कुत्रं पकडताना चावतं आणि मागे बर्फाचा डोंगर येत नाही.

भावाला मी परवा लिहिलं. फेब्रुवारीत ये, चार दिवस वेळासला राहू, पहाटे चारला उठून कासवमित्राच्या मागे चालू. भाडं ज्याचं त्यानं. परत आल्यावर दोन कुत्र्यांच्या ऑपरेशनचे पैसे माझे, पावतीसकट.

निळ्या टिका आल्यात. अजून उत्तर नाही.