दीडशे घोडे आणि तिसरं पेडल

ओळखीत कोणी नवी गाडी बुक केली की बाबांच्या पिढीचा प्रश्न ठरलेला, 'ॲव्हरेज किती देते?' आपल्या पिढीचे प्रश्न दोन. पहिला 'किती बीएचपी?' आणि लगेच दुसरा, 'ऑटोमॅटिकच घेतलीस ना?' नाही म्हणालात तर समोरचा असा बघतो की जणू तुम्ही अजून फ्लॉपीवर बॅकअप घेता.

माझं म्हणणं असं की आधी गिअरबॉक्सचं विचारावं, घोड्यांचं मागाहून.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. निव्वळ वेगाचा वाद मॅन्युअलवाले केव्हाच हरलेत. पोर्शची २०१७ची ९११ जीटी३ घ्या. इंजिन तेच, ५०० घोड्यांचं. ड्युएल क्लच ऑटोमॅटिक ० ते १०० ला ३.४ सेकंद घेते, मॅन्युअल ३.९. माणसाचा डावा पाय त्या यंत्राशी स्पर्धा करूच शकत नाही. गंमत म्हणजे २०१३ साली पोर्शने जीटी३ फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली, तेव्हा चाहत्यांनी एवढा आरडाओरडा केला की पुढच्या आवृत्तीत कंपनीला मॅन्युअल परत द्यावी लागली. म्हणजे लोकांनी हौसेने अर्धा सेकंद हळू जाणारी गाडी मागून घेतली!

आपल्याकडेही छोट्या प्रमाणावर हेच झालं. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी २०२२ मध्ये आली ती फक्त डीएसजी ऑटोमॅटिक घेऊन. १.५ लिटर, १५० पीएस. (पीएस आणि बीएचपी एकच नव्हेत बरं का, १५० पीएस म्हणजे साधारण १४८ बीएचपी. ब्रोशरवाले सोयीने वापरतात.) वर्षभराने, २०२३ मध्ये, त्याच इंजिनाला सहा गिअरची मॅन्युअल मिळाली. उलटा प्रवास स्कोडाचा. २००४ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जुळवलेली ऑक्टाव्हिया आरएस १५० घोड्यांची आणि पाच गिअरची मॅन्युअल होती. २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २४५, २०२५ मध्ये २६५. घोडे वाढत गेले आणि २०१७ पासून क्लचचं पेडल गायब. शेवटच्या शंभर गाड्या पन्नास लाखाच्या घरात, त्याही हातोहात संपल्या. असो.

आता जरा गणित करू. (सवय, दुसरं काय.) चार माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० ने नेत ठेवायला किती घोडे लागतात? हवेचा आणि टायरचा विरोध धरला तर अठरा-वीस. पाच टक्क्यांचा चढ ताशी ६० ने चढायला? पंचवीसच्या आत. एक्सप्रेसवेवर सपाटीला कायदेशीर मर्यादाच १०० आहे. म्हणजे दीडशेतले सव्वाशे घोडे बहुतेक वेळ नुसते चरत असतात, आणि आपण ईएमआय भरतो पूर्ण तबेल्याचा.

ते घोडे लागतात कधी? खंडाळ्याच्या चढावर पुढे ट्रक रांगतोय, बाजूची लेन मोकळी झालीय आणि आत्ता निघायचंय, तेव्हा. खरी मेख इथे आहे. १५० हा आकडा इंजिन मिनिटाला ५००० फेरे मारत असतानाचा. याच इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १६०० फेऱ्यांना मिळतो, पण गुणाकार केलात तर तिथे घोडे भरतात जेमतेम ५७. साडेतीन हजारावर १२५. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त गिअर वेगळा. त्या क्षणी तुमच्याकडे किती घोडे आहेत हे इंजिन नाही, गिअर ठरवतो. म्हणून तो कोण ठरवणार, हा प्रश्न मला बीएचपीपेक्षा मोठा वाटतो.

ऑटोमॅटिक तुमचा पाय आणि वेग बघून ठरवते. पुढचं वळण, ट्रकमागची मोकळी जागा तिला सहसा दिसत नाही. पेट्रोल बचतीसाठी ती वरच्या गिअरमध्ये जाऊन बसते, तुम्ही दाबता, ती क्षणभर विचार करते आणि मग एकदम उसळते. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल: जावाचा गार्बेज कलेक्टर. एरवी सुखाचा, पण नेमका नको तेव्हा थांबणारा. मॅन्युअलवाला ट्रकच्या मागे असतानाच गिअर खाली टाकून तयार असतो.

'पण ट्रॅफिकचं काय?' बरोबर. रोज सायन-पनवेल हायवेने वाशीचा पूल ओलांडून ऑफिसला गाडी नेणाऱ्याने, किंवा गुडघा बोलायला लागलेल्याने, डोळे मिटून ऑटोमॅटिक घ्यावी. पण आमच्या बेलपाड्यात किती जणांची गाडी रोज बाहेर पडते? शेजारी खारघर स्टेशन, २०२३ पासून दारात मेट्रो. सोमवार ते शुक्रवार गाडी बिल्डिंगखाली धूळ खाते आणि शनिवारी कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागते. अशा माणसाने ट्रॅफिकच्या नावाने ऑटोमॅटिक घेणं म्हणजे पोहायला जाताना छत्री नेणं.

आणि उतार. घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात, इंजिनाने गाडी धरली तर वाचतात. ऑटोमॅटिकमध्येही हे जमतं, लिव्हर एस किंवा एमवर घ्या, पॅडल असतील तर वापरा. पण 'डी'वर टाकून विसरायचं याच बोलीवर जी गाडी विकली जाते, तिचा मालक ते करेल का?

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला पामबीच रोडवर फिरवून आणतो, तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. बेलापूरच्या पारसिक हिलवर न्यायला सांगा. दोन्ही गिअरबॉक्स, तोच चढ, अर्ध्यावर थांबून पुन्हा निघा. येताना तोच उतार, ब्रेकला कमीत कमी हात लावून.