पहाटेच्या रस्त्यावर नळ हवेत: महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, मुंबई 400 001

विषय: उन्हाळ्यात उपनगरांतल्या मुख्य रस्त्यांवर पहाटेपासून पिण्याचं पाणी आणि उघडी स्वच्छतागृहं मिळण्याबाबत

महोदय,

मी मुलुंडला राहते आणि लांब पल्ल्याचं धावते. आमच्यातल्या बहुतेकांचा सराव पावसाळ्यात सुरू होतो आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला संपतो. पण दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत जूनमध्ये असते. 1921 साली सुरू झालेली, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधली ही सुमारे नव्वद किलोमीटरची धाव. मुंबईहून तिला जाणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे सगळ्यात मोठे रविवार एप्रिल-मेमध्येच येतात. लडाखची मॅरेथॉन सप्टेंबरात असते, तिचाही पाया याच दिवसांत घातला जातो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, माणसं साखरझोपेत असताना, उपनगरांतल्या रस्त्यांवर धावणारे भेटतात. बोरिवलीकर राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा चढ चढतात, अंधेरीचे लोक लोखंडवाला-वर्सोव्याकडे वळतात, घाटकोपर-विक्रोळीचे पूर्व द्रुतगती महामार्गाचा सेवा रस्ता धरतात. आम्ही मुलुंडकर भांडुप, कांजूरमार्ग करत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागतो, पवईवरून आरेत शिरतो आणि गोरेगावहून मागे फिरतो. तीस-बत्तीस किलोमीटर सहज होतात.

या सबंध वाटेवर, पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, रस्त्यावर उभं राहून पिता येईल असा महापालिकेचा एकही नळ आम्हाला सापडत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा आहे, हे आपल्याला सांगायला नको. मे महिन्यात सूर्य उगवायच्या आधीही पारा सहसा 27-28 अंशांच्या खाली उतरत नाही आणि हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. इथे तो वाळतच नाही. टोपीच्या टोकावरून थेंब गळत राहतात, कोपरांवरून धार लागते, तासाभरात मोजे भिजून बूट पचपच वाजू लागतात. अशा हवेत धावणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटर-दीड लिटर पाणी जातं. साडेतीन तासांचा हिशेब आपणच करा. कमरेच्या पट्ट्यात फार तर लिटरभर मावतं. साध्या पाण्याने भागतही नाही, मीठ लागतं. ते आम्ही कागदाच्या पुडीत बांधून नेतो, लिंबू-साखरही नेतो. पाणी तेवढं नेता येत नाही. दुकानं बंद असतात. ज्यांच्याकडे गाडी आहे ते एखाद्या रविवारी डिकीत वीस लिटरचा जार ठेवून आरेच्या तोंडाशी उभे राहतात. ही माणसं फार चांगली आहेत, पण शहराचं पाणी कुणाच्या तरी डिकीवर अवलंबून नसावं.

उष्णतेच्या इशाऱ्यांचं गणितही इथे तोकडं पडतं. किनाऱ्यावरच्या ठिकाणी कमाल तापमान 37 अंशांवर गेलं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढलं, म्हणजे उष्णतेची लाट, असा हवामान खात्याचा निकष आहे. तो दुपारच्या पाऱ्यावर बेतलेला आहे. 34 अंशांच्या, पण घामाचा थेंब न वाळणाऱ्या दिवशी उष्णतेच्या लाटेचा इशारा कुणालाच मिळत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेलं तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. खाडीकाठी तो जीव घेतो.

आणि धावणाऱ्यांचा जीव तर आमच्याच रस्त्यावर गेलेला आहे. जून 2014 मध्ये मुंबई पोलीस शिपाई भरतीची 5 किलोमीटरची धाव विक्रोळीला, पूर्व द्रुतगती महामार्गावर घेतली गेली. पाऊस लांबला होता, ऊन रणरणत होतं. राज्यभरातून आलेल्या उमेदवारांपैकी किमान चार तरुण त्या भरतीत कोसळून मरण पावले. पाच किलोमीटर म्हणजे सराव असलेल्या माणसाची अर्ध्या तासाची धाव. वर्दीसाठी गावाकडून आलेली धडधाकट मुलं तेवढ्यात गेली. पुढे अंतर कमी झालं, वेळा बदलल्या. आज पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावं लागतं. नियम सुधारले हे चांगलंच झालं. पण त्या मुलांच्या जागी आज सराव करणारी मुलं-मुली कुठे पळतात, तर त्याच सेवा रस्त्यावर. मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या वस्त्यांमधून ती पहाटे येतात. त्यांच्याकडे कमरेचा पट्टा नसतो, मिठाची पुडी नसते, कित्येकांच्या पायात शाळेतलेच बूट असतात. ती माझ्यापेक्षा वेगाने धावतात आणि मग दुभाजकाला टेकून कोरड्या घशाने उभी राहतात. त्यांना मी माझ्या बाटलीतलं देते, पण ते किती पुरणार?

पवईचा एक प्रसंग आपल्या कानावर घालते. मे महिना होता. तलावाच्या कडेने परतताना माझ्या मैत्रिणीने एकाएकी दंड चोळायला सुरुवात केली. म्हणाली, थंडी वाजतेय. तिच्या हातांवर काटा उभा राहिला होता. त्या उकाड्यात अंगावर काटा येणं म्हणजे शरीर हात टेकत असल्याची खूण, हे आम्हाला ठाऊक होतं. तिला फुटपाथच्या कडेला बसवलं. तिचं बोलणं अडखळत होतं, आमच्या बाटल्या रिकाम्या होत्या. समोर एका इमारतीचं काम चालू होतं. तिथला रखवालदार पत्र्याच्या फाटकातून बाहेर आला, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन कोल्ड्रिंकची दोन लिटरची जुनी बाटली घेऊन आला. अर्धं पाणी त्याने तिच्या मानेवर आणि मनगटांवर ओतलं, उरलेल्यात आम्ही मीठ-साखर घालून तिला घोट घोट पाजलं. ती सावरली, रिक्षा मिळाली, घरी गेली. निघताना त्याला विचारलं, तुम्हाला पाणी आहे ना? त्याची ड्युटी आठ वाजेपर्यंत होती आणि ती बाटली त्याने रात्री घरून भरून आणली होती. जवळ नळ नव्हता. आम्ही दुकान शोधत फिरलो, पण एकही उघडलेलं नव्हतं.

महोदय, म्हणून ही मागणी फक्त हौसेने धावणाऱ्यांची समजू नका. आमच्यातले बरेच जण महागडे बूट घालतात, हे खरं आहे आणि त्यांच्या सोयीसाठी कर का खर्चावा, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न गैर नाही. पण त्या पहाटे रस्त्यावर कोण कोण असतं ते पाहा. पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं, दूधवाले, भाजीचे टेम्पो उतरवणारे हमाल, रात्रपाळीचे रखवालदार, रिक्षात पाय वर घेऊन झोपलेले चालक आणि झाडू हातात घेतलेले आपलेच सफाई कामगार. त्यांचं काम धावण्याइतकंच अंगातलं पाणी काढतं. आम्ही आठवड्यातून एकदा हा रस्ता सोसतो, ते रोज सोसतात.

शिवाय ज्या भागात पाण्यासाठी वणवण होते, त्याच भागातून मुंबईचं पाणी येतं. या शहराला नळाचं पहिलं पाणी 1860 साली विहार तलावातून मिळालं. तुळशी 1879 मधला, पवई 1891 मधला. तिन्ही तलाव आमच्या धावण्याच्या टापूत आहेत. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या तानसाच्या जलवाहिन्या आमच्या मुलुंडमधून शहरात शिरतात. भांडुप संकुलात पाणी शुद्ध होतं आणि तिथून पुढे जातं. रोज 385 कोटी लिटरच्या आसपास पाणी आपण या शहराला पुरवता. भारतातल्या फार थोड्या शहरांत नळाचं पाणी इतक्या निर्धास्तपणे पिता येतं, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान आहे.

याच जलवाहिन्यांच्या कडेने मुलुंड ते धारावी असा 39 किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग मार्ग करण्याचं महापालिकेने ठरवलं होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वाहिनीलगतची जागा मोकळी करण्याचं अवघड काम झालं, त्यातून ही कल्पना निघाली. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. जवळजवळ तेवढाच लांब, गाड्यांपासून दूर असलेला रस्ता एका दाट वस्तीच्या शहरात मिळणं हे केवढं भाग्य! तो मार्ग सलग पूर्ण करा आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ बसवा. ज्या वाटेच्या कुशीतून अख्ख्या मुंबईचं पाणी वाहतं, तिच्यावर चालणाऱ्याला ओंजळभर मिळायलाच हवं.

किती अंतरावर नळ असावा, यासाठी नवा अभ्यास करण्याची गरज नाही. लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या शर्यतींत साधारण दर 5 किलोमीटरवर पाण्याची सोय असावी, असा जागतिक अ‍ॅथलेटिक्सचा नियम आहे. तो शर्यतीचा. शर्यतीतही हिशेब चुकला तर काय होतं, ते 2007 च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये दिसलं. ऑक्टोबरात अवचित उकाडा झाला, पाणी कमी पडलं आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. आपल्या हवेला दर दोन-अडीच किलोमीटरवर एक नळ असावा, असं मला वाटतं.

जागाही नव्याने शोधायला नकोत. सफाई कामगारांच्या हजेरी चौक्या, महापालिकेच्या शाळा, उद्यानं, दवाखाने, अग्निशमन केंद्रं, उदंचन केंद्रं या सगळ्यांना नळजोडणी आहेच. त्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीतून एक तोटी बाहेर काढायची, एवढंच काम आहे. तोटी दाबाची असावी, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. बाटली खाली मावेल आणि लहान मुलाचं तोंडही पोहोचेल अशी उंची असावी. खाली जाळी असावी, नाहीतर महिन्याभरात तिथे डबकं होतं, शेजारी तक्रार करतात आणि नळ बंद पडतो. कुठल्या विभागाने तो साफ ठेवायचा ते भिंतीवर लिहावं. दोन्ही द्रुतगती महामार्ग महापालिकेकडे सोपवण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला, तेव्हा रस्ता कुणाचा हा जुना वादही आता उरत नाही. राष्ट्रीय उद्यान वन खात्याकडे आहे. बोरिवलीच्या फाटकाबाहेरचा नळ मात्र आपल्याला बसवता येईल.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हा विषय या शहरातल्या बायकांनी आधीच पुष्कळ लावून धरला आहे. पहाटे स्वच्छतागृहांना कुलूप असतं. पुरुष कुठेही आडोसा शोधतात. बायका मग आदल्या रात्रीपासून पाणीच कमी पितात आणि दमट हवेत तसंच धावतात, झाडतात, पहारा देतात. जिथे नळ तिथलं एक तरी स्वच्छतागृह चार वाजता उघडलेलं असावं, दिवा लागलेला असावा.

पाणपोई घालणं ही आपल्याकडे चैत्र-वैशाखातली नेहमीची गोष्ट होती. मशीद बंदरजवळची केशवजी नायक यांची पाणपोई 1876 मधली. दगडात कोरलेली, वर घड्याळाचा मनोरा असलेली. माल वाहणाऱ्या हमालांना आणि बैलांना तिथे पाणी मिळावं, म्हणून एका व्यापाऱ्याने पदरचे पैसे घातले होते. उपनगरं त्यानंतर वाढली आणि वाढताना त्यांच्या वाट्याला अशा पाणपोया फारशा आल्याच नाहीत. महापालिकेच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा आकडा 74,427 कोटी रुपयांचा होता. भिंतीतून तोटी काढण्याचा खर्च त्यात शोधूनही सापडला नसता.

माझी विनंती एका मार्गापासून सुरुवात करण्याची आहे: मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, पवई, आरे, गोरेगाव. तीन विभाग कार्यालयांच्या हद्दीतून तो जातो. त्या तिन्ही विभागांच्या सहायक आयुक्तांनी आणि जल अभियंता खात्याच्या एखाद्या अभियंत्याने एका रविवारी पहाटे साडेचारला हा रस्ता आमच्यासोबत पाहावा. गाडीतून आलात तरी चालेल. कुठल्या चौकीच्या भिंतीवर तोटी बसेल, कुठे उजेड नाही, कुठे रखवालदार आणि हमाल जास्त असतात, हे आम्ही दाखवू. नळ झाल्यावर दर रविवारी ते चालू आहेत की नाहीत, याची नोंद विभाग कार्यालयाला कळवायचं कामही आम्ही धावणारे आनंदाने करू. रस्ता तर आम्ही पाहतोच.

हे काम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्हावं. मार्च म्हटलं असतं, पण 2025 साली मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा फेब्रुवारीतच द्यावा लागला होता.

आपली,
मुलुंडची एक रहिवासी