छाटणीला भिणारे कादंबरीकार

आमच्या रहिमतपूरच्या परिसरात आता आळीआळीला एक कादंबरीकार निपजला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सहा-सातशे पानांचे बाड पुढे ठेवणाऱ्या या गृहस्थांना ‘यातली दोनशे पाने काढा’ एवढेच सांगून पाहावे. पोटच्या पोरावर कोयता उगारल्यासारखे ते पाहतात! ‘अहो, हे आतून आलेलं आहे,’ हे उत्तर ठरलेले. आतून सगळ्यांचेच येते. वाचकाने त्यातले किती सोसावे, एवढाच प्रश्न आहे.

मग हरिभाऊ आपट्यांचा दाखला निघतो. हरिभाऊ लांबत, हे खरे. पण १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाचे रकाने त्यांना भरावे लागत. छापून गेलेले प्रकरण मागे कसे घेणार? तुमचे बाड तर घरातच आहे.

दाखला हवाच, तर माणदेशातला घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. केवढेसे ते पुस्तक! त्यात धनगरांची अख्खी वाडी आहे, तालीम आहे, दुष्काळ आहे. मास्तर मात्र वाचकाची शाळा घेत नाही. आणि खुद्द रहिमतपुरात जन्मलेले वसंत कानेटकर? त्यांनीही आधी कादंबऱ्या लिहिल्या. नाव झाले ते १९५७ च्या ‘वेड्याचं घर उन्हात’पासून, नाटककार म्हणून. नाटकात पाल्हाळ लागला की प्रेक्षक खोकू लागतात. कादंबरीचा वाचक बिचारा मुकाट्याने पुस्तक मिटतो, आणि लेखकाला पत्ताही लागत नाही.

संपादकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कात्री लेखकाच्या भाष्यावर चालवावी, पात्राच्या बोलीवर नव्हे. शहरातल्या संपादकाला ‘इर्जिक’ कळत नाही, म्हणून तो शब्द फालतू ठरत नाही. १९६९ साली तरुणांनी ‘सत्यकथा’ जाळली, ती संपादकी अभिरुचीवरच्या रागाने. राग समजतो, पण त्या जाळाने कुणाचे पाल्हाळ जळाल्याचे दिसत नाही.

तासगावकडचा द्राक्षबागाईतदार बघा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. हिरवी वेल स्वतःच्या हाताने कापताना तो रडत नाही, कारण घड कोणत्या काडीवर धरायचा हे त्याला ठाऊक असते. आमच्या कादंबरीकाराचे घोडे नेमके तिथेच अडते.

तेव्हा फराळ आटोपला की बाड उघडा. पहिली तीस पाने न वाचता बाजूला ठेवा आणि गोष्ट एकतिसाव्या पानावर सुरू होते का, ते पाहा. पुष्कळदा होते. आजोबांची वंशावळ गेली, म्हणून कोणाचा नायक अजून मेलेला नाही.